टपावरचा तंबू नंतर, आधी चेसी

गेल्या हिवाळ्यात भाच्यासाठी एक जुनी जिप्सी पाहायला साताऱ्याकडे गेलो होतो. २००८ ची जिप्सी किंग, हार्डटॉप. टपावर उघडता येणारा तंबू, पुढे लोखंडी बंपर आणि त्यात विंच, मागे लाकडी कप्पे, फ्रिज, दुसरी बॅटरी, दाराला लटकलेले दोन कॅन. लेह-स्पितीला जाऊन आलेली गाडी, असं मालक सांगत होते आणि ते खरंही होतं. भाचा हरखून गेला. "मामा, हे सगळं आयतं मिळतंय," तो म्हणाला. मी त्याला गाडीखाली घातलेल्या गोणपाटावर झोपवलं आणि हातात टॉर्च दिला. लांबच्या प्रवासासाठी सजवलेली जुनी गाडी खालून वर पाहत जायची असते. आपण मात्र वरून पाहायला लागतो आणि तंबूपाशीच अडकतो.

आधी ही गाडी काय आहे ते नीट समजून घेऊ. मारुतीने जिप्सी भारतात आणली १९८५ च्या अखेरीस. मूळ रचना सुझुकीच्या एसजे ४१० ची, इंजिन ९७० सीसीचं आणि चार गिअर. १९९६ साली १२९८ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली, आणि २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनने पेट्रोल सोडणारी पद्धत, आली. ताकद ६० वरून ८० अश्वशक्तीवर गेली. बाकी गाडी जवळजवळ तशीच राहिली: शिडीसारखी चेसी, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल, चारही चाकांवर पाटे. सुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. ताडोबात सफारीसाठी जी उघडी गाडी मिळते ती हीच. तिचं कौतुक होतं ते हलकेपणामुळे. चिखलात अवजड गाडी रुतते तिथून ती निघून जाते. हा हलकेपणा लक्षात ठेवा, पुढे हिशेब त्याच्यावरच येणार आहे.

बाजारात आज येणाऱ्या जिप्सींचा भूतकाळ साधारण तीन प्रकारचा असतो. काही लष्कराच्या लिलावातून आलेल्या, काही जंगलात सफारीला राबलेल्या, काही हौशी लोकांनी रॅलीत आणि डोंगरात चालवलेल्या. लष्करी गाडीची देखभाल वेळापत्रकाने झालेली असते, पण लिलावापर्यंत ती उन्हापावसात उभी असते, आणि मधल्या काळात तिचे चांगले सुटे भाग दुसऱ्या गाड्यांना गेलेले असू शकतात. सफारीची गाडी कधी वेगात पळलेली नसते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, दहा वेळा थांबत-निघत तिचा जन्म गेलेला असतो, म्हणून क्लच आणि एअर फिल्टरकडे पाहावं. शिवाय टप कापलेला असेल तर तो परत जोडताना पाणी कुठून शिरेल याचा नेम नाही. रॅलीची गाडी दिसायला सगळ्यात सुंदर असते. मी तिलाच सगळ्यात जास्त घाबरतो, कारण तिच्या चेसीला वेल्डिंग झालेलं असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

तर चेसी. गाडीखाली आडवं झाल्यावर हातात एक स्क्रू ड्रायव्हर घ्यावा आणि त्याच्या मुठीने चेसीवर ठोकत जावं. घट्ट लोखंड टणटणतं, आतून कुजलेलं बद्द वाजतं. मागच्या पाट्यांचे शॅकल जिथे चेसीला जोडलेले असतात, तिथे चिखल साठतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. बॉडीचे रबर जिथे बसतात त्या जागा, पुढच्या चाकामागचा पत्रा, दाराखालची पट्टी, पायाखालचा तळ आणि पुढच्या काचेच्या फ्रेमचे खालचे दोन कोपरे, हेही तपासायचे. नुकताच काळा जाड रंग मारलेला तळ दिसला तर मालकाला नम्रपणे विचारावं की रंगाच्या आधीचे फोटो आहेत का. कोकणातली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्यावा. पत्रा बदलता येतो, इंजिन उघडता येतं. कुजलेल्या चेसीवर मात्र दुरुस्तीचा कितीही खर्च केला तरी विश्वास बसत नाही, आणि चेसी नंबरच्या जागी वेल्डिंग झालेलं असेल तर कागदोपत्रीही गाडी अडकते.

आमच्या त्या गाडीची चेसी चांगली निघाली. मागच्या डाव्या शॅकलपाशी वरवरचा गंज होता, ब्रशने निघण्यासारखा.

मग पुढचा अ‍ॅक्सल. चाकाच्या आतल्या बाजूला एक मोठा गुळगुळीत गोळा दिसतो, त्यावर चाक वळतं. मिस्त्री त्याला नकल म्हणतात. त्याच्या वर आणि खाली किंगपिनची बेअरिंगं असतात. गोळ्यावर पातळ तेल ओघळलेलं असेल, तर आतलं सील गेलंय आणि अ‍ॅक्सलमधलं तेल नकलच्या ग्रीसमध्ये मिसळतंय असं समजावं. किंगपिन सैल झाले की रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, कधी इतकं की गाडी थांबवावीच लागते. चालवून पाहताना हा वेग गाठल्याशिवाय परतू नका. जॅकवर चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तरी ढिलाई कळते. हे काम होण्यासारखं आहे, फार महागही नाही, फक्त बेअरिंगं घट्ट किती करायची हे जाणणारा मिस्त्री हवा.

हीच थरथर दुसऱ्या कारणानेही येते. गाडी उंच दिसावी म्हणून पाट्यांचे शॅकल लांब केलेले असतात. पुढचे शॅकल लांब केले की अ‍ॅक्सल किंचित फिरतो, चाकाचा जो मागे झुकलेला कोन गाडीला सरळ धावायला लावतो तो कमी होतो, आणि स्टिअरिंग स्वतःहून मधे यायला कुरकुर करतं. उंचीच हवी असेल तर चांगले पाटे घालावेत.

आता फोर बाय फोर. विकणारा लिव्हर ओढून दाखवतो, आतला दिवा लागतो, आणि घेणाऱ्याचं समाधान होतं. एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. या गाडीत गिअरबॉक्सपासून वेगळा, छोट्या शाफ्टने जोडलेला ट्रान्सफर केस असतो. टू एचमध्ये तो सगळी ताकद मागच्या अ‍ॅक्सलला देतो. फोर एचमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी पक्के जखडले जातात, दोघे एकाच गतीने फिरतात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. मातीत किंवा बर्फात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळा ताण शाफ्ट आणि गिअरमध्ये पिळत जातो आणि लिव्हर परत टू एचला येईनासा होतो. कोरड्या रस्त्यावर 'जास्त पकड मिळावी' म्हणून फोर एच लावून चालवणारे मालक मी पाहिलेत. त्यांच्या गाडीतला खर्च पुढचा मालक करतो.

फोर एलमध्ये तिसरी गोष्ट घडते. ट्रान्सफर केसचं गुणोत्तर वरच्या रेंजमध्ये सुमारे १.४ असतं, खालच्या रेंजमध्ये सुमारे २.२७. म्हणजे त्याच इंजिनाची चाकावरची ओढ दीडपटीहून अधिक होते आणि वेग तितकाच घटतो. उतारावर ब्रेक न दाबता पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने उतरवता येते, हा त्याचा खरा उपयोग. चढण्यापेक्षा उतरताना मला तो अधिक मोलाचा वाटतो.

तपासणी डांबरावर करू नका. मुरमाड, थोडा चढ असलेली जागा शोधा. थांबून फोर एच, मग फोर एल घाला, शंभर पावलं सरळ चालवा, परत काढा. खडखड, गिअर सुटून बाहेर येणं, लिव्हर अडकणं, यांतलं काही झालं तर कारण सापडेपर्यंत व्यवहार थांबवा. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक बसवलेले असतील तर तेही फिरवून पाहा. अनेक वर्षं न फिरवल्याने ते गंजून बसतात. ट्रान्सफर केस ज्या रबरांवर टांगलेला असतो ती चिरली असतील तर क्लच सोडताना धक्का बसतो.

चारही चाकांना ताकद जाते म्हणजे गाडी कुठेही अडकत नाही असं नव्हे. प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखंच बळ देतं, आणि ते बळ ठरतं कमी पकड असलेल्या चाकावरून. पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं एक चाक हवेत गेलं की ती दोन गरगरत राहतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ उभी राहतात. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेक हलकासा दाबावा. हवेतल्या चाकाला अडथळा होतो, तेवढं बळ जमिनीवरच्या चाकाला मिळतं, आणि पुष्कळदा गाडी निघते. विंच घेण्याआधी हे शिकावं.

त्या दुपारी गाडीचं वजन करायला आम्ही जवळच्या साखर कारखान्याकडे गेलो. गाळप चालू होतं, उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. काट्यावरच्या माणसाला विनंती केली, त्याने मधे घेतलं. गाडीत माणूस नाही, टाकीत जेमतेम पाच लिटर पेट्रोल, आणि तरी वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा साधारण ३०० किलो जास्त भरलं. तंबू, कॅरिअर, लोखंडी बंपर, विंच, लाकडी कप्पे, फ्रिज, बॅटरी: एकेकटं काहीच फार वाटत नाही. लष्कराच्या वर्गवारीत जिप्सी ५०० किलो वाहणारी गाडी म्हणून गणली जात होती. म्हणजे उरले २०० किलो. दोन माणसांचे १५०. चार दिवसांचं दोघांचं पाणी ४० लिटर, तितकेच किलो. राहिले १० किलो, आणि अजून भरलेली टाकी, पेट्रोलचा कॅन, हत्यारं, कपडे, शिधा काहीच चढवलेलं नाही.

भाचा काट्याच्या पावतीकडे बराच वेळ पाहत होता.

वजन किती, याच्याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. टपावरचे साठ किलो वळणावर गाडीला बाहेर ढकलतात. जिप्सी अरुंद आणि उंच आहे, तिला हे अजिबात सोसत नाही. पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे टांगलेले बंपर आणि विंच पुढचे पाटे दाबून बसवतात. पाटे बसलेत की नाही हे बाजूने पाहिलं की कळतं: कमान सरळ झालेली असते. अशा गाडीत लोक एक जास्तीचा पाटा घालतात, मग रिकामी गाडी बैलगाडीसारखी आपटत चालते. पाणी, हत्यारं, बॅटरी यांसारखं जड सामान दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे, जमिनीलगत आणि पट्ट्यांनी बांधून ठेवावं.

टायरही वजनाच्याच हिशेबात येतात. कंपनीचा टायर २०५/७० आर १५. त्या गाडीला २३५/७५ आर १५ घातले होते. व्यास जवळजवळ १० टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते, आणि प्रत्येक गिअर तेवढाच जड होतो. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून मालकाने सांगितलेल्या सरासरीचा हिशेब पुन्हा करावा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी आठ-दहा वर्षांचा टायर दूरच्या प्रवासाला नेऊ नये.

आता हे सगळं एका खऱ्या रस्त्यावर ठेवून पाहू. मनाली-लेह मार्गावर लाहौलमध्ये तांदी लागतं. तिथल्या पंपावरची, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं सांगणारी पाटी वर्षानुवर्षं प्रवाशांच्या ओळखीची आहे. जिप्सीची टाकी ४० लिटरची. भरलेली गाडी डोंगरात लिटरला ९ किलोमीटर देते असं धरलं तर ३६० किलोमीटर होतात. पाच किलोमीटर कमी! घाट, वाट चुकणं, थंडीत इंजिन चालू ठेवणं यांसाठी आणखी पाचवा हिस्सा धरायचा, म्हणजे सुमारे ८ लिटर. वीस लिटरचा एक धातूचा कॅन पुरतो. दोन कॅन ही सजावट आहे. कॅन माणसांच्या बसण्याच्या जागेत नको, टपावरही नको. आणि परवान्याशिवाय स्वतःसाठी ३० लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येतं, हेही ध्यानात असू द्या.

याच रस्त्यावर ५,३२८ मीटर उंचीची तंगलांग ला खिंड आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असते. इंजिन पेट्रोल जाळतं ते हवेच्या प्रमाणात, त्यामुळे ८० अश्वशक्तीचं इंजिन तिथे ४५-५० चं होतं. एमपीएफआय गाडी हवेचा दाब ओळखून पेट्रोल कमी करते. जुनी कार्बोरेटरची गाडी तेवढंच पेट्रोल ओतत राहते, काळा धूर सोडते आणि चढावर गुदमरते. दहा टक्के मोठे टायर आणि ३०० किलो लोखंड याच जागी भारी पडतात.

तिथे पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. रेडिएटरमध्ये ते उकळत नाही कारण रेडिएटरची टोपी आत दाब धरून ठेवते. टोपीचं रबर चिरलेलं असेल तर सपाटीवर काही बिघडत नाही, वर मात्र गाडी वाफ सोडते. टोपी स्वस्त असते. गाडी घेतल्याच्या दिवशी नवी बसवा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास नळाचं पाणी ओतलं जातं, कारण महाराष्ट्रात ते गोठत नाही. सरचूच्या रात्री गोठतं, फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फोडू शकतं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी, असं भरूनच निघावं.

वायरिंगवरून आधीच्या मालकाचा हात कळतो. डॅशबोर्डखाली वाकून पाहा. बॅटरीजवळ फ्यूज, प्रत्येक जादा उपकरणाला रिले, जाड वायर, घट्ट क्लिपा दिसल्या तर माणूस काळजी घेणारा. काळ्या टेपने गुंडाळलेले सांधे दिसले तर ते सगळं उपटून नव्याने करायचा खर्च किमतीतून वजा करा. ६० वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो. असे चार दिवे मूळ वायरवर जोडले की ती तापते, आणि पेट्रोल गाडीत आग इथूनच लागते.

ओढून काढण्याच्या सामानापैकी एकच गोष्ट सांगतो. दोर अडकवायचा हुक चेसीला पक्क्या बोल्टने बसवलेला हवा. शोभेच्या बंपरला किंवा ट्रॉलीच्या गोळ्याला दोर बांधून झटका दिला तर तो तुकडा गोळीसारखा उडतो. जगभरात यात माणसं मेली आहेत.

कागद थोडक्यात. चेसी आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. जिप्सीत दुसऱ्या गाडीचं इंजिन, कधी डिझेलही, बसवलेलं सापडतं. आरसीवर नोंद नसेल तर घेऊ नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. लष्करी लिलावातली असेल तर मूळ कागद हवेत, आणि रंग बदललेला हवा, कारण ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो. पुढचे लोखंडी बुलबार केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्ये बेकायदा ठरवले. दंड आहे, आणि अपघातात विमा कंपनीला बोट दाखवायला निमित्तही. दिल्लीमार्गे जाणार असाल तर १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबतचे आदेश निघण्यापूर्वी पाहून घ्या, ते बदलत आले आहेत.

आम्ही ती गाडी घेतली. चेसी, फोर बाय फोर आणि कागद चोख होते म्हणून. बंपर, विंच, तंबू आणि कप्पे मालकांनाच परत दिले आणि तेवढी किंमत उतरवून घेतली. मूळ मापाचे टायर, किंगपिनची बेअरिंगं, सगळी तेलं, रेडिएटरची टोपी आणि होज यांवर पहिला खर्च केला. झोपायला जमिनीवरचा साधा तंबू घेतला, चार किलोंचा.

तुम्हीही घेतलीत तर पहिला प्रवास हिमालयात करू नका. ठरलेलं सगळं सामान, पाणी आणि माणसं भरून ताम्हिणी किंवा आंबोली घाट करा, दोन रात्री बाहेर काढा. परत आल्यावर गाडी एका स्वच्छ फरशीवर, खाली पुठ्ठा अंथरून उभी करा आणि सकाळी पाहा: कोणत्या जागी, कोणत्या रंगाचा थेंब पडला आहे.